गौरी विसर्जनाची तारीख

वाटी पडली तेव्हा मिनलच्या चिमट्यात एक हिरवा खडा होता. झुमक्यातल्या त्याच्या खाचेत तो बसवायचा, वरून नखाने हलकेच दाबायचा आणि पुढच्याला हात घालायचा, एवढंच तिचं दुपारचं काम. नकली दागिन्यांच्या कारखान्याचा माणूस आठवड्याला माल टाकून जायचा आणि मुलगा, साईराज, शाळेतून यायच्या आत होतील तेवढे झुमके ती उरकायची. दार उघडंच होतं. समोरच्या घरातली रुचिता, जागृतीची मोठी मुलगी, साडेसहा वर्षांची, दोन्ही हातांनी वाटी धरून उंबऱ्यात उभी होती. वाटीत सुकटीची चटणी. "मम्मीने दिली," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची मान एकदम खाली गेली, बसल्या बसल्या पेंगणाऱ्या माणसाची जाते तशी, आणि त्याच क्षणी हात कोणी खालून ढकलावा तसा उडाला. वाटी लादीवर आपटून गोल गोल फिरत राहिली. मान तोवर परत वर आली होती. रुचिता वाटीकडे बघत होती, जणू आगाऊपणा वाटीनेच केला होता. "ती पडली," ती म्हणाली. मिनलने फडकं घेतलं, चटणी पुसली, "असू दे गं, लागलं नाही ना," म्हणाली, आणि पुसता पुसता तिच्या लक्षात आलं की आपण मोजतोय. सोमवारी जिन्यात एकदा. काल गॅलरीत कपड्यांचे चिमटे देताना एकदा. आणि ही तिसरी. कशासाठी मोजतोय हे तिला ठाऊक नव्हतं, पण पोटात खोल कुठेतरी एक जुनं कपाट आपोआप उघडलं होतं आणि त्याचं दार आता लागत नव्हतं.

या पोरीचे हात मिनलला तिच्या आईपेक्षा जास्त माहीत होते. मागच्या वर्षीपर्यंत रुचिता दुपारची येऊन तिच्यासमोर मांडी घालून बसायची आणि परातीत मिसळलेले खडे रंगाप्रमाणे वेगळे करून द्यायची. हिरवे एका झाकणात, लाल एका झाकणात, आणि जे पांढरे किंचित पिवळट असतात ते बाजूला. हा पिवळटपणा साईराजला काय, तिच्या नवऱ्याला, रोहितलाही दिसत नसे. "मावशी, हा आजारी आहे," असं म्हणून ती तो खडा तळहातावर पुढे करायची. मिनलला मुलगी नव्हती. त्या चिमुकल्या, माशाचा पुसट वास येणाऱ्या तळहातावर तिने कितीदा तरी ओठ टेकले होते. मागच्या दिवाळीनंतर मात्र हिरव्यांत लाल यायला लागले. मग रुचिता परातीसमोर नुसतीच बसायला लागली. शाळेतून बाईंची चिठ्ठी आली की लक्ष नाही, पाटीवरचं उतरवून घेत नाही, आलेलं विसरते. जागृतीने ती चिठ्ठी हसत हसत मिनलला दाखवली होती. "बापावर गेलीय. भूपेशला पण बोटीवर निघताना जाळं कुठं ठेवलं ते आठवत न्हाय." जागृतीची सासू कमळाबाई मीठ-मिरच्या ओवाळून टाकायची आणि म्हणायची, "नजर हाय. गोरं पोर कोणाला बघवत न्हाय."

मिनल खडे लावत राहिली. कपाट उघडंच होतं. त्या कपाटात पहिल्यांदा कडुलिंबाचा वास होता. साईराज सहा महिन्यांचा असताना वैशाखात ती त्याला घेऊन रत्नागिरीकडे सासरच्या गावी गेली होती, आणि तिसऱ्याच दिवशी त्याच्या मानेवर, पाठीवर, मांड्यांवर तांबूस पुरळ उठलं. सासूबाईंनी, मंदाबाईंनी, त्याला उजेडात धरून पाठ न्याहाळली आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "पाहुणी आलीय. आता नाव घ्यायचं नाही हां कोणी." त्यापुढचे नऊ दिवस घरात फोडणी पडली नाही, केसांत कंगवा फिरला नाही, दारावर कडुलिंबाची डहाळी लागली आणि बाहेरच्या माणसाने आत पाऊल टाकलं नाही. मिनल तेव्हा तेवीसची. लग्न होऊन दीड वर्ष झालेलं, त्या दीड वर्षात तिला एक दुपारसुद्धा स्वतःची अशी मिळाली नव्हती. आणि आता सगळं घर पायांचा आवाज न करता वावरत होतं, तिला पाणी भरायला सांगत नव्हतं, भाकऱ्या थापायला सांगत नव्हतं. माजघरात पाल्याच्या अंथरुणावर ती आणि तिचं बाळ, एवढीच दोघं. ती डहाळीने त्याच्या अंगावरून हळू हळू वारा घालायची, तो तिच्याकडे बघून बोळकं पसरून हसायचा. ताप जवळजवळ नव्हताच. नाक कोरडं, डोळे स्वच्छ. नवव्या दिवशी पाल्याच्या पाण्याने आंघोळ, दहीभाताचा नैवेद्य, आणि सासूबाई म्हणाल्या, "सुटलास बाबा. आता जन्मात परत यायची नाही." ते नऊ दिवस मिनलच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते. पुढे कितीतरी वर्षांनी तिला कळलं की ते घामोळं होतं. कळलं म्हणजे कोणी सांगितलं नाही. एका मे महिन्यात कमळाबाईंच्या भाचीच्या बाळाच्या पाठीवर तिने तसंच हुबेहूब पुरळ पाहिलं, त्याची आई पावडर लावत होती आणि फोनवर कोणाशी तरी हसत बोलत होती.

पण त्या वेळी ती पाहुणीच होती, म्हणजे गोवरच, आणि पाहुणी येऊन गेलेल्या अंगाला पुन्हा टोचायचं नाही असं सासूबाईंनी बजावलं होतं. त्या वर्षीच्या गणपतीनंतर भाईंदरला आरोग्य केंद्राची आशा सेविका दारात आली. सुगंधाताई. खांद्याला पिशवी, हातात जाडजूड वही, कपाळावरचा घाम पदराने टिपत त्यांनी विचारलं, "साईराजचा नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस राहिलाय ना गं?" खरं सांगितलं असतं तर त्या बसल्या असत्या, समजावलं असतं, उद्या घेऊनच ये म्हणाल्या असत्या, तिसऱ्या महिन्यातल्या सुईने बाळ दोन रात्री तापाने फणफणलं होतं ते मिनलला आठवत होतं, रोहितला तर विचारायची सोय नव्हती, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारून काळेठिक्कर हात घेऊन तो यायचा आणि "ते पोराचं सुईबिई तू बघ" म्हणून आडवा व्हायचा. आणि सासूबाईंचा शब्द मोडला तर तो कसा तरी गावापर्यंत पोचणारच. मिनलच्या तोंडून निघालं, "गावाला दिला ताई. गणपतीला गेलो होतो ना, तेव्हा." हे वाक्य किती सोपं होतं. या बिल्डिंगीतला प्रत्येक कोकणी माणूस गणपतीला गावाला जातो. जे इथे झालं नाही ते गावाला झालं असं म्हणता येतं. सुगंधाताईंनी कार्ड मागितलं, पेन उघडलं. "तारीख?" मिनलने डोळे मिटले तर तिला खाडीत सोडलेल्या गौरी दिसल्या, डोक्यावर मुकुट तरंगत चाललेल्या. तिने ती तारीख सांगितली. सुगंधाताईंनी एकदाच मान वर केली, मिनलकडे पाहिलं, आणि लिहिली. दुसरा डोस, सोळा महिन्यांचा, तोही असाच झाला. शिमग्याला गेलो होतो तेव्हा. निळ्या शाईत दोन तारखा, शेजारी शेजारी. साईराज कसा गुटगुटीत होता. कोणाला काही झालं नाही. कार्ड कपाटात लग्नाच्या शालूखाली गेलं.

मग लॉकडाऊनच्या आधीचा तो जानेवारी. साईराज सव्वादोन वर्षांचा. सर्दी, ठसका, लाल डोळे, ताप. जागृतीची रुचिता तेव्हा सात महिन्यांची, नुकती बसायला लागलेली, पावडरचा वास येणारी. जागृती सकाळी तिला मिनलच्या पलंगावर टाकून बाजारात जायची. खाडीकाठच्या गावातून लग्न करून इथे आली तरी मासळीची पाटी तिने सोडली नव्हती. "पोराला सर्दी झालीय गं," मिनल म्हणाली होती. एवढं तरी ती म्हणाली होती, हे ती पुढे स्वतःला कितीदा तरी सांगत आली. "सर्दी कोणाला न्हाय," जागृती म्हणाली आणि गेली. दोन्ही मुलं एका चादरीखाली झोपली. मिनलने एकाच ओल्या फडक्याने दोघांची नाकं पुसली. दोन दिवसांनी साईराजच्या कानामागून पुरळ निघालं आणि चेहऱ्यावरून उतरत पायांपर्यंत गेलं, आणि ते पाहताच मिनलला कळलं की मागचं ते काहीच नव्हतं. हा ताप म्हणजे पोराच्या अंगात कोणी चूल पेटवावी तसा होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, गोवर. तिने गावी फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, "असं कसं होईल, येऊन गेलाय त्याला. राहिलेला निघत असेल." साईराज बरा झाला. दहाव्या दिवशी रुचिताला ताप चढला. तीही बरी झाली. जागृती तेव्हा रडलीसुद्धा नाही. तिच्या बाळाला लस द्यायचं वय झालं नव्हतं, त्याला कोणाचा इलाज नव्हता. आणि मिनल भरल्या डोळ्यांनी दारात उभी राहिली तेव्हा उलट तिनेच तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू तर दोन्ही सुया दिल्या होत्यास बाय. तुजा काय दोष? सुईच खोटी." तो हात मिनलच्या पाठीवर सहा वर्षं होता. पुढे दोन महिन्यांनी सुगंधाताईंनी मागे लागून रुचितालाही लस द्यायला लावली, जागृतीने कुरकुरत दिली, आणि बिल्डिंगीत कोणाचंही बाळ नऊ महिन्यांचं झालं की ती आठवणीने सांगायची, मिनलच्या पोराला दोन्ही देऊन पण आला, आता काय ते बघा तुमचं.

डिसेंबरमध्ये रुचिता शाळेच्या रांगेत पडली आणि हनुवटी फुटली. भूपेश बोटीवर होता, म्हणून ठाण्याच्या इस्पितळात जागृतीबरोबर मिनल गेली. डोक्याला वायरी लावल्या, कागदावर रेघा निघाल्या, दर थोड्या वेळाने सगळ्या रेघा एकदम उसळायच्या आणि परत निमूट चालायला लागायच्या. पाठीतलं पाणी काढलं. चार दिवसांनी बोलावलं तेव्हा डॉक्टर बाईंनी आधी दार लावून घेतलं. मिनलच्या वयाच्याच असतील, गळ्यात साधी चेन, आवाज फार सांभाळून वापरणाऱ्या. "हिला लहानपणी गोवर झाला होता का?" त्यांनी विचारलं. "सातव्या महिन्यात," जागृती म्हणाली. डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. गोवराचा विषाणू काही मुलांत मेंदूत दडून राहतो, त्या म्हणाल्या. फार थोड्या मुलांत. पण ज्यांना वर्षाच्या आत होतो त्यांच्यात जास्त. पाच-सात वर्षं काही कळत नाही, मूल हसतं, खेळतं, शाळेत जातं. मग तो जागा होतो. झटके कमी करायची औषधं आहेत. मागे फिरवणारं औषध नाही. जागृतीने विचारलं, "मंजे किती दिवस?" आणि त्या म्हणाल्या, "काहींना महिने. काहींना दोन-तीन वर्षं. ती हळूहळू चालणं सोडेल, बोलणं सोडेल. तुम्हाला खोटं सांगणार नाही मी." रुचिता मिनलच्या मांडीवर होती आणि टेबलावरच्या पेपरवेटमधलं फूल बघत होती. "तिला सुई दिली ना नवव्या महिन्यात, गोवर येऊन गेल्यावर," जागृती म्हणाली, "त्यानेच झालं ना हे?" "नाही. सुईने हे होत नाही, हे गोवराने होतं. सुई हेच टाळते. सुईने एक-दोन दिवस ताप येईल, बारीक पुरळ येईल, जाईल." "पण ज्या पोराकडून लागला त्याने दोन्ही घेतल्या होत्या." डॉक्टर बाईंनी विचारलं, "दोन्ही डोस? नक्की?" जागृतीने मिनलकडे वळून पाहिलं, सहज, भाजीचा भाव विचारावा तसं. "हो ना गं?"

"हो," मिनल म्हणाली.

एका डोसाने शंभरातल्या पंच्याऐंशी मुलांचं काम होतं, डॉक्टर बाई सांगत होत्या, दोन्ही झाले की पंचाण्णवांच्या वर. उरलेल्या चार-पाचांत तो बसला असेल. म्हणून तर सगळ्यांनी घ्यायची, म्हणजे घ्यायचं वय न झालेल्या बाळांपर्यंत तो पोचतच नाही. मिनलला ती चार-पाच मुलं दिसत होती. कुठल्या कुठल्या गावांतली, आयांनी उन्हात उभं राहून वेळेवर टोचून घेतलेली, तरीही आजारी पडलेली, बिचारी. त्यांच्या रांगेत तिने आपल्या साईराजला नेऊन उभं केलं होतं, आणि तो तिथे त्यांच्याबरोबर निर्धास्त उभा होता. परतीची बस वरसाव्याच्या पुलाच्या अलीकडे तासभर अडकली. खाली खाडीचं पाणी शिशासारखं. रुचिता झोपली होती आणि झोपेत तिचे झटके थांबले होते. तेवढ्यापुरती ती पूर्वीची होती. जागृती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "डॉक्टर लोक सुईचं नाव घेऊ देणार न्हाईत. त्यांचीच सुई. मी आता धाकट्याला टोचू न्हाय देणार." धाकटा तेव्हा सहा महिन्यांचा होता. त्याचं डोकं रुचितासारखंच मागून चपटं होतं.

रोहितला तिने एका रविवारी सकाळी सांगितलं. तो नखांतला काळा मळ ब्रशने घासत होता. सगळं ऐकून घेतलं, नळ बंद केला. "तिला सांगितलंस तर रुचिता बरी होणार आहे का?" "नाही." "मग? आणि आपला साईराज? आठ वर्षांचा आहे तो. जिन्यात पोरं काय बोलतील त्याला? तुझ्यामुळे, असं बोलतील." मिनल तिथून आत आली. तिने साईराजला अभ्यास करताना पाहिलं, जीभ बाहेर काढून तो भागाकार करत होता, आणि त्याच्या निरोगी मानेवरची लव तिला असह्य झाली. ती त्याच्याजवळ गेली नाही. त्या दिवसापासून तिचं हे असं व्हायला लागलं, मुलाला जवळ घेताना आतलं काहीतरी दचकून मागे सरायचं, आणि मग त्याची भरपाई म्हणून ती त्याला इतकं घट्ट धरायची की तो म्हणायचा, "मम्मी, दुखतंय."

रुचिता फेब्रुवारीत चालायची थांबली. झटके आता दर दहा-बारा सेकंदांनी यायचे. मिनल खडे लावताना समोरच्या घरातून कॉटचा आवाज ऐकायची, कट्, आणि मोजायची, आणि पुन्हा कट्. बिल्डिंगीत लोक हळहळायचे आणि सुईला शिव्या घालायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या एकीने तर आपल्या मुलीचा डोसच रद्द केला. मिनलला वाटायचं, आपण फक्त एका कार्डावर खोटं लिहून घेतलं होतं, पण ते कार्ड आता सगळ्या जिन्यातून फिरतंय, घरोघरी, आणि प्रत्येक घरात खरं मानलं जातंय. मार्चमध्ये भाजी आणायला गेली असताना तिला सुगंधाताई भेटल्या. पिशवी तीच, गुडघे दुखतात म्हणून चाल मंदावलेली. त्या मिनलला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जागृतीच्या धाकट्याचा या बुधवारी डोस आहे. मी तीनदा जाऊन आले. पुन्हा गोवर पसरतोय म्हणतात, पलीकडच्या वस्तीत दोन मुलं सापडली. ती ऐकत नाही. एकच बोलते, मिनलच्या पोराला काय उपयोग झाला." मिनल भोपळ्याच्या फोडी चाचपत राहिली. "ताई," ती म्हणाली, "तुम्हाला तेव्हा कळलं होतं का?" सुगंधाताईंनी उगीच पिशवीचा बंद नीट केला. "मी पण कोकणातलीच आहे गं. गौरी विसर्जनाला कुठलं केंद्र उघडं असतं? आणि धुळवडीला?" "मग लिहिलंत का?" "त्या दिवशी वीस घरं बाकी होती माझी. वरून रोज फोन यायचे, यादी पुरी करा." मग त्या म्हणाल्या, "मी लिहिलं नसतं तर तू दिली असतीस का?" हे त्यांनी टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. दोघी त्या दुकानासमोर उभ्या होत्या आणि दोघींनाही उत्तर नको होतं. दुकानदार म्हणाला, "भाभी, लेना है तो लो, दबाओ मत."

त्या दुपारी मिनलने शालू उचलला. कार्डाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, शाई मात्र अजून निळी. समोरच्या घरात जागृती मोरीपाशी बसून बोंबील साफ करत होती, धाकटा पाळण्यात, रुचिता आतल्या खोलीत. कट्. मिनल तिच्यासमोर उकिडवी बसली. ती बोंबलांकडेच बघत होती. इतका मऊ मासा, त्याला हाड आहे की नाही कळत नाही, आणि जागृतीचा अंगठा त्याच्या पोटातून असा सरळ जायचा. "काय गं, तोंड का असं?" जागृती म्हणाली. "भूक लागली असेल तर भात हाय आत." मिनलने कार्ड उघडून लादीवर ठेवलं.

"या तारखा खोट्या आहेत."

"कंच्या?"

"साईराजच्या. त्याला गोवराची एकही सुई दिलेली नाही. मी सांगितल्या त्या लिहिल्या ताईंनी."

जागृतीने हातातला बोंबील पुरा केला. "ही कुठली?" कोपराने तिने दाखवलं, हात ओले होते म्हणून.

"गौरी विसर्जन."

"आणि ही?"

"धुळवड."

"सणाच्या दिवशी," जागृती म्हणाली. जणू तेवढंच तिला समजून घ्यायचं होतं. मग आणखी एक बोंबील घेतला, त्याचं डोकं काढलं. आतून आवाज आला आणि दोघींनीही, सवयीने, पुढच्या आवाजाची वाट पाहिली. तो आला. "ठाण्याला डॉक्टरने विचारलं," जागृती कार्डाकडे बघतच म्हणाली. "मी तुज्याकडं बघितलं. तू हो म्हणालीस. माजी पोर तेव्हा तुज्या मांडीवर होती."

"हो."

"जा आता."

मिनल उठली. कार्ड तिथेच राहिलं, त्याच्या कोपऱ्याला पाणी लागत होतं. तिला वाटलं होतं की जागृती ओरडेल, छाती बडवून घेईल, कमळाबाईंना हाक मारेल, जिना गोळा होईल. त्या सगळ्याची तिने इतके महिने मनात तयारी केली होती, कुठे उभं राहायचं, साईराजला कुठे ठेवायचं. यातलं काही झालं नाही. मागे फक्त मोरीतल्या पाण्याचा आवाज होता आणि बोंबील एकावर एक पडल्याचा. घरी येऊन ती परातीसमोर बसली. हलकं वाटेल असं कुठेतरी ऐकलं होतं. हलकं काही वाटलं नाही. एवढंच झालं की इतकी वर्षं पाठीवर असलेला तो हात निघून गेला, आणि त्या जागी गार लागत राहिलं.

सोमवार, मंगळवार समोरचं दार उघडलं नाही. बुधवारी साईराज शाळेत गेल्यावर, साडेदहाच्या सुमाराला, दारावर पायाने मारल्यासारखे दोन आवाज आले. जागृतीच्या एका खांद्यावर धाकटा होता, धुतलेला, काजळ घातलेला, आणि दुसऱ्या हाताने तिने रुचिताला छातीशी बांधल्यासारखं धरलं होतं. तिचे पाय आता आईच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. "हिला धर," जागृती म्हणाली. ती मिनलच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होती. "भूपेश बोटीवर हाय. सासू बाजारात. सुई दिल्यावर अर्धा तास बसवतात म्हणे." मिनलने हात पुढे केले. रुचिता तिच्या हातात आली, आणि तिला धक्का बसला तो वजनाचा. इतकी लांब मुलगी आणि आत काही नाही, वाळत घातलेल्या कपड्यासारखी. जागृती जिना उतरून गेली. धाकट्याची किलबिल मजल्यामजल्याने खाली खाली गेली.

मिनल भिंतीला टेकून बसली, रुचिताला आडवी मांडीवर घेऊन. समोर परात होती. मुलीचे डोळे उघडे होते, खड्यांच्या दिशेला, पण ती खडे बघत होती की त्यांच्यावरून येणारा उजेड, हे सांगता येत नव्हतं. मिनलने एक पांढरा खडा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. "बघ गं, हा आजारी आहे का?" बोटं मिटली नाहीत. झटका आला, मान गेली, हात उडाला, खडा कुठे तरी पलंगाखाली गेला. झटका रुचिताच्या अंगातून निघून मिनलच्या मांडीत, पोटात, दंडात पोचायचा आणि तिथे विरायचा, जसं पोटात असताना साईराज लाथ मारायचा. दुसऱ्याचं शरीर आपल्या शरीरात इतकं स्पष्ट तिला तेव्हानंतर आताच कळत होतं. तिने तिच्या केसांतून बोटं फिरवली. माशाचा तो वास आता येत नव्हता, औषधांचा येत होता. मिनल मोजू लागली. आठ, नऊ, दहा. मान. आठ, नऊ, दहा. ती काही मागत नव्हती, क्षमासुद्धा नाही. मुलीला क्षमा करता येणार नव्हती, आणि आईला करायची नव्हती. दोघींत उरलं होतं ते एवढंच, की एकीला हात हवे होते आणि दुसरीकडे ते होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

जिन्यात रडणं ऐकू आलं. धाकटा टोचलेल्या पोरांसारखं, रागाने, मधे मधे दम घेत रडत होता. जागृती दारात उभी राहिली. तिच्या मुठीत नवं कार्ड होतं, अंगठ्याखाली एका चौकोनात आजची तारीख, ताज्या निळ्या शाईत. मार्चातला एक साधा बुधवार. आज कुठलाच सण नव्हता. "ताप आला तर हे द्या म्हणाल्या," ती म्हणाली, गोळीची पट्टी दाखवत. कोणाला म्हणाली ते कळलं नाही, कदाचित स्वतःलाच. मग वाकून तिने रुचिताच्या काखेत हात घातला. तिचं मनगट मिनलच्या मनगटाला घासलं आणि दोघींनीही ते बाजूला घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर मुलगी पडली असती. समोरचं दार लागलं. आतून साखळी लावल्याचा आवाज आला. या मजल्यावर दिवसाढवळ्या कोणी साखळी लावत नसे.

मिनल तशीच बसून राहिली, हात अजून मुलगी असल्यासारखे वळवलेले. मांडीवर ओलसर ऊब होती. आठ, नऊ, दहा. तिची मांडी तयार झाली, दंड सैल झाला, झटका झेलायला. काही आलं नाही. तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.